छत्री उतरवण्याआधी

शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. आमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून चेंडू पँटीला घासत आपल्या खुणेकडे चालला होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आरोळी आली. मग टाळ्या, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. यथावकाश आमचाही गोलंदाज धावला, चेंडू पडला, फलंदाजाने तो सीमेपार धाडला, आणि आमच्या खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. बाबा तेवढे म्हणाले, "आपल्याकडे मॅच शिळी येते का रे?"

वरच्यांकडे छत्री, म्हणजे डिश अँटेना, आहे. आमची पंधरा दिवसांपूर्वी बंद केली होती आणि त्याच वाहिन्या इंटरनेटवरून बघायला सुरुवात केली होती. मॅच तीच, चॅनेल तोच, कॉमेंट्री करणारेही तेच. मध्ये एक स्लॅब आणि वीस-पंचवीस सेकंद.

अंतराचा हिशेब केला तर खरं म्हणजे उलटं व्हायला हवं होतं. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. सिग्नल जमिनीवरून तिथे चढतो आणि परत खाली येतो, म्हणजे ७० हजार किलोमीटरहून जास्त वाटचाल. इंटरनेटवरचं चित्र बहुतेक वेळा त्या मानाने अगदी शेजारच्या सर्व्हरवरून येतं. तरी शर्यत उपग्रह जिंकतो. कारण एवढा प्रवास रेडिओलहरी साधारण पाव सेकंदात उरकतात. वेळ खातं ते अंतर नव्हे, पाठवण्याची पद्धत. या वीस सेकंदांचा माग काढला की बाकीचीही बरीच कोडी सुटतात: पावसात काय होतं, बफरिंगचं चक्र का फिरतं, घरातल्या वायफायला एकदम एवढा भाव का येतो, आणि आपण काय बघतो ते कुणाकुणाला कळतं.

दवंडी आणि टपाल

छत्रीवर येणारा टीव्ही म्हणजे दवंडी. दवंडीवाला मध्यभागी उभा राहतो, डफ वाजवतो आणि एकदाच ओरडून सांगतो. दहा जणांनी ऐकलं काय किंवा दहा हजारांनी, त्याच्या घशाला श्रम तेवढेच. कोण ऐकत होतं, कोण झोपलं होतं, हे त्याला माहीत नसतं. आणि एखादा शब्द तुमच्या कानावर पडला नाही तर "पुन्हा सांगा" म्हणायची सोय नाही.

इंटरनेटवरचा टीव्ही म्हणजे टपाल. प्रत्येक घराला त्याच्या नावाचं वेगळं पाकीट. हरवलं तर परत मागवता येतं, तुम्हाला हव्या त्या वेळी हवं ते मागवता येतं. पण कुणाकडे काय गेलं याची नोंद राहते, आणि सगळ्यांनी एकाच क्षणी एकच पत्र मागितलं तर पोस्टमनची दमछाक होते.

आधी दवंडीचं बघू. १९४५ साली आर्थर सी. क्लार्क यांनी एका लेखात हिशेब मांडला होता की विषुववृत्तावर ठरावीक उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरेल, आणि खालून बघणाऱ्याला जागच्या जागी उभा वाटेल. १९६४ साली सिन्कॉम ३ हा तसा पहिला उपग्रह वर गेला आणि त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकची दृश्यं त्याने पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत पोचवली. गच्चीवरची छत्री एकदा दिशा धरून घट्ट पिळली की वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही, ते या हिशेबामुळे.

छत्रीची वाटी फक्त लहरी गोळा करून एका बिंदूवर आणते. खरं काम दांड्याच्या टोकाला बसवलेल्या एलएनबी नावाच्या छोट्या डब्याचं. घरगुती छत्र्यांवर येणारा सिग्नल बहुतेक ठिकाणी १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातला असतो. तो तसाच केबलमधून घरात आणायचा म्हटलं तर वाटेतच दम तोडेल. म्हणून एलएनबी त्याला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली उतरवतो, त्याची ताकद वाढवतो आणि मग सेट-टॉप बॉक्सकडे रवाना करतो.

या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पावसाचा मोठा थेंब काही मिलिमीटरचा. आकार असे जवळपास आले की थेंब लहरी शोषतातही आणि इकडेतिकडे उडवतातही. म्हणून रिमझिम पावसात काही बिघडत नाही, पण ढग दाटून मुसळधार सुरू झाला की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि मग 'सिग्नल नाही'. यात आणखी एक खोच आहे. दवंडीवाल्याला परत विचारता येत नाही, म्हणून तो प्रत्येक वाक्यासोबत थोडी जास्तीची माहिती आधीच जोडून देतो, जिच्यावरून बॉक्स गाळलेले शब्द भरून काढतो. जोवर भरून काढता येतात तोवर चित्र अगदी स्वच्छ दिसतं, आणि एका मर्यादेपलीकडे एकदम कोसळतं. मधली पायरी जवळपास नसतेच. जुन्या अँटेनाच्या मुंग्या हळूहळू वाढायच्या, तसा इशारा इथे मिळत नाही.

वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान असण्याच्या आसपास, काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्यही रेडिओलहरी फेकत असतो, त्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. लख्ख ऊन असताना चॅनेल गेला म्हणून बॉक्सला थापा मारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांत मीही होतो.

वीस सेकंद कुठे जातात

आता टपालाकडे. मैदानातून आलेलं चित्र आधी दाबून लहान केलं जातं, हे दोन्हीकडे होतं आणि त्यात दोन्हीकडे थोडा वेळ जातो. इंटरनेटसाठी मात्र एकाच चित्राच्या एकाच वेळी पाच-सहा प्रती बनतात: एक अगदी धुरकट, छोट्या फोनला पुरेल अशी, मग वरवर चढत जात एक झकास, मोठ्या पडद्याची. यातली प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापली जाते. ही रीत रुळली ती ॲपलने २००९ साली आणलेल्या एचएलएस नावाच्या पद्धतीमुळे. २०१२ साली डॅश नावाचं खुलं मानक आलं, त्याचाही गाभा तोच. थेट प्रक्षेपण म्हणून आपण जे बघतो ते अशा तुकड्यांची एकामागून एक लागलेली रांग असते. ॲप दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारतं: पुढचा तुकडा तयार आहे का? असेल तर दे.

हिशेब करून बघा. तुकडा सहा सेकंदांचा असेल तर तो पूर्ण होऊन पाठवण्याजोगा व्हायलाच सहा सेकंद गेले. ॲप लगेच दाखवायला लागत नाही, आधी असे तीनेक तुकडे गाठीशी बांधतं. म्हणजे झाले अठरा. वर चित्र दाबायला, प्रती बनवायला, सर्व्हरवर पोचायला लागलेला वेळ. वरच्या मजल्यावरची आरोळी आणि आमचा चौकार यांच्यातलं अंतर इथे भरून येतं.

मग साठा कशाला करायचा? घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते त्याच कारणाने. नळाला येणारं पाणी मधेच बारीक झालं तरी टाकी रिकामी होईपर्यंत खालच्या मोरीत कुणाला पत्ता लागत नाही. इंटरनेटचा पुरवठाही असाच कमी-जास्त होतो. तो एका लयीत येईल याची हमी कुणी देत नाही. साठा आहे तोवर चित्र चालू. साठा संपला की चक्र. तुकडे लहान करून आणि साठा घटवून उशीर कमी करता येतो, तसे प्रयत्न बरेच झाले आहेत आणि होतही आहेत. पण टाकी जेवढी लहान तेवढी ती लवकर कोरडी पडणार. उशीर हवा की अडखळणं, यातलं काहीतरी एक पत्करावंच लागतं.

चक्र फिरण्याआधी बहुतेकदा चित्र धुरकट होतं. तो बिघाड नसतो, ॲपने घेतलेला शहाणा निर्णय असतो. मागचा तुकडा यायला वेळ लागला हे बघून ते पुढचा तुकडा हलक्या प्रतीतला मागवतं, म्हणजे निदान गाडी चालू राहील. वाट मोकळी झाली की पुन्हा वर चढतं. सुरुवातीचे काही सेकंद चित्र फिकट दिसून मग खुलतं, तेही याचमुळे: ॲप आधी पाण्यात पाय घालून बघत असतं. अशा वेळी घाईघाईने ॲप बंद करून परत उघडलं तर गाठीशी असलेला साठाही जातो आणि सगळं पहिल्यापासून.

चॅनेल बदलायला लागणारा वेळ हा याच कहाणीचा धाकटा भाऊ. छत्रीवर शेकडो वाहिन्या सतत येतच असतात, बॉक्सने फक्त लक्ष दुसरीकडे वळवायचं. तिथेही पूर्ण चित्र मिळेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. इंटरनेटवर दर वेळी नवं टपाल मागवावं लागतं. बोट रिमोटवर ठेवून एकामागून एक चॅनेल पालथे घालायची ज्यांना सवय आहे, त्यांना हा बदल पहिल्या दिवशी जाणवतो आणि चिडचिड होते.

गर्दी झाली की

प्रत्येक घराला वेगळं पाकीट म्हटलं तर लाखो पाकिटं एका ठिकाणाहून पाठवणं शक्यच नाही. म्हणून मोठ्या सेवा आपल्या प्रती जगभर ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात, म्हणजे तुमचं पाकीट जवळच्याच कचेरीतून निघतं. नेटफ्लिक्सने २००७ साली इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि २०१२ साली ओपन कनेक्ट या नावाने स्वतःची साठवण यंत्रं थेट इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यात बसवायची योजना जाहीर केली. चित्रपट आधीच तयार असतो, तो कमी गर्दीच्या वेळी त्या यंत्रांत भरून ठेवता येतो. थेट सामना आधी भरून ठेवता येत नाही. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सने थेट दाखवली, तेव्हा कंपनीच्याच सांगण्यानुसार एका क्षणी साडेसहा कोटी ठिकाणी ती एकाच वेळी चालू होती, आणि असंख्य प्रेक्षकांना धुरकट चित्र आणि फिरतं चक्र बघावं लागलं. दवंडीला हा प्रश्न पडत नाही. ऐकणारे वाढले म्हणून उपग्रहाचा घसा बसत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. 'इंटरनेटवरचा टीव्ही' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, नुसतं ग्रंथालय: चित्रपट, मालिका, हवं ते हवं तेव्हा, पण चालू वाहिन्या नाहीत. दुसरी, थेट वाहिन्यांचा संच ॲपवर, कुठल्याही इंटरनेटवर चालणारा. आमचा हा. तिसरी, इंटरनेट देणारी कंपनीच आपल्या जाळ्यातून जो टीव्ही देते तो, ज्याला आयपीटीव्ही म्हणतात. यात ती कंपनी गल्लीच्या तोंडापर्यंत एकच प्रत आणून तिथून पुढे वाटू शकते, म्हणजे टपालाच्या रस्त्यावर अर्धी दवंडी. गर्दीत हा प्रकार अधिक टिकतो, उशीरही सहसा कमी, पण इंटरनेट बदललं की टीव्हीही गेला. आपण नेमकं यातलं काय घेतोय हे सही करण्याआधी विचारून घ्यावं, कारण जाहिरातीवरून कळत नाही. आणि 'जगातले सगळे चॅनेल एकाच डब्यात' असं सांगत कुणी बॉक्स विकायला आला, तर तो चौथा प्रकार. चोरीचा. आज चालतो, उद्या बंद, आणि त्यात घातलेल्या कार्डाच्या आकड्यांचं काय होतं ते देव जाणे.

किती वेग लागतो

वेगाचा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. पूर्ण एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट, लागतात, ४के चित्राला १५ ते २५. घरात एकाच वेळी चालणाऱ्या पडद्यांची बेरीज करायची आणि वर मोकळी जागा ठेवायची, कारण त्याच वेळी कुणाचा तरी फोन फोटो वर चढवत असतो. इंटरनेटची जाहिरात शेकड्यांत बोलते. टीव्हीला त्यातला थोडाच भाग लागतो. त्याला वेगापेक्षा सातत्य हवं. दिवसभर एका लयीत मिळणारे २० एमबीपीएस हे कधी दोनशे आणि कधी दोन अशा जोडणीपेक्षा कितीतरी बरे.

डेटाची मात्र खरोखर मोजणी करावी. एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आणि जीबीमधला 'बी' बाइटचा. एक बाइट म्हणजे आठ बिट. ५ एमबीपीएसचं चित्र तासाभरात सव्वादोन जीबी खातं. दिवसाला चार तास म्हटले तर ९ जीबी, महिन्याला २७०. एका टीव्हीचे. छत्रीच्या काळात टीव्ही रात्रभर चालू राहिला तर वीजबिल तेवढं वाढायचं. आता कुणी टीव्ही लावून झोपलं तर टपाल येतच राहतं. म्हणून तर काही ॲप दर काही तासांनी विचारतात, 'अजून बघताय ना?' पुष्कळांना हा प्रश्न खोचक वाटतो. जोडणीला डेटाची मर्यादा असेल तर मात्र तो उपकारच.

शेवटचे दहा मीटर

आमच्याकडे पहिला आठवडा रोज संध्याकाळी चक्र फिरायचं. इंटरनेट कंपनीकडे दोनदा तक्रार केली, दोनदा माणूस आला, दोन्ही वेळा त्याने राउटरपाशी उभं राहून वेग मोजला आणि उत्तम आहे म्हणून गेला. तो खरंच बोलत होता. राउटरपाशी उत्तमच होता. पण आमचा राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात होता. कपाट लोखंडी. तार तिथून घरात येते आणि राउटर दिसायला बरा नाही, म्हणून कुणीतरी, म्हणजे मीच, तो आत ढकलून दार लावलं होतं. तिथून टीव्हीपर्यंत दोन भिंती आणि एक फ्रिज. फोनवर संदेश वाचायला एवढा सिग्नल पुरत होता, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही. राउटर कपाटाच्या वर ठेवला आणि चक्र जवळपास बंद झालं.

वायफायचे सहसा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी जातो, पण तो अरुंद आणि गजबजलेला. त्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या जागा जेमतेम तीन, आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच तिघींत भांडत असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. तो चालू झाला की चित्र अडखळतं अशी तक्रार हसण्यावारी नेऊ नये. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण भिंत आली की त्याचा जीव निम्मा होतो. टीव्ही आणि राउटर एका खोलीत असतील तर ५ घ्यावा. नसतील तर सगळ्यांत खात्रीचा उपाय अगदी जुनाट आहे: तार ओढावी. पुष्कळ टीव्हींच्या मागचं तारेचं भोक १०० एमबीपीएसपुरतंच असतं, आणि कागदावर वायफाय त्याहून जोरात दिसतं. त्याने फसू नये. टीव्हीला शंभरही लागत नाहीत, लागतात ते न अडखळता.

म्हणून इंटरनेटचा वेग मोजायचा तर टीव्हीपाशी, टीव्हीवरच, आणि संध्याकाळी सगळी वस्ती ऑनलाइन असते त्या वेळी मोजावा. सकाळी अकराला मोजलेला आकडा छान दिसतो आणि कामाला येत नाही.

कशावर बघायचं हाही प्रश्न आहे. स्मार्ट टीव्ही असेल तर वेगळं काही लागत नाही, निदान सुरुवातीला. पण टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकतो आणि आतली संगणकाची बुद्धी त्याच्या निम्म्यातच म्हातारी होते. कंपनी नवी आवृत्ती द्यायची थांबते, ॲप उघडायला वेळ लागतो, मग एक दिवस ॲपच म्हणतं की या टीव्हीवर मी चालणार नाही. त्यासाठी टीव्ही बदलायची गरज नाही, एचडीएमआयमध्ये खोचायची एक काडी पुरते. काडी घेताना एक गोष्ट पाहावी: ती चित्रपटवाल्यांच्या सुरक्षाकुलपाला मान्य आहे का. वाइडवाइन नावाचं असं एक कुलूप सर्रास वापरात आहे. त्याची वरची पातळी, एल१, उपकरणात नसेल तर कितीही वेगवान इंटरनेट असो, पुष्कळ सेवा तुम्हाला साधं, फिकट चित्रच देतात. लोक इंटरनेटला शिव्या देत बसतात आणि दोष असतो त्या स्वस्त डब्याचा.

छत्रीबरोबर काय जातं

बॉक्समध्ये साठवलेली रेकॉर्डिंग जातात. ती सहसा त्याच बॉक्सला बांधलेली असतात, डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी उघडत नाहीत. नव्या सेवेत रेकॉर्डिंगऐवजी बहुधा 'मागचं बघा' अशी सोय मिळते. सोयीची आहे, पण तुमच्या मालकीची नाही. काही दिवसांनी कार्यक्रम आपोआप निघून जातो, आणि काही कार्यक्रम हक्कांच्या भानगडीमुळे तिथे येतच नाहीत. वाहिनी छत्रीवर दिसते म्हणून ॲपवरही दिसेल, हे गृहीत धरू नये. उपग्रहावरून दाखवायचे हक्क वेगळे आणि इंटरनेटवरून दाखवायचे वेगळे विकले जातात. खेळांच्या बाबतीत तर वाहिनी दिसते, आणि नेमकी मॅच सुरू झाली की पाटी येते. शिवाय एका वेळी किती पडद्यांवर बघता येईल याला मर्यादा असते. ती दोन असेल आणि घरात माणसं पाच, तर भांडणाची तयारी ठेवा.

आणि गुप्तता जाते. दवंडीवाल्याला कोण ऐकतंय ते कळत नाही. पोस्टमनला सगळं माहीत असतं. तुम्ही काय लावलं, कितव्या मिनिटाला बंद केलं, कुठे मागे नेऊन परत बघितलं, याची नोंद सेवेकडे राहते. हे टपालाच्या पद्धतीतच आहे. स्मार्ट टीव्ही मात्र याच्याही पुढे जातो. पडद्यावर काय चाललंय ते तो स्वतः ओळखतो, मग ते ॲपवरून येवो की जोडलेल्या बॉक्समधून. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने ग्राहकांना न विचारता १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला आणि २०१७ साली ते प्रकरण तिने २२ लाख डॉलर भरून मिटवलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते. ती कुठेतरी चौथ्या-पाचव्या पानावर, भलत्याच गोंडस नावाखाली असते. शोधावी.

काही गोष्टी हलक्याही होतात. गच्चीवर चढणं संपतं. वादळात वाटी फिरली म्हणून माणूस बोलवावा लागत नाही. पावसात चित्र जात नाही, पण त्याच पावसात रस्त्यातली केबल तुटली तर टीव्ही, फोन, कामधंदा सगळंच एकदम जातं. छत्री बाकी कशावर अवलंबून नव्हती, हे तेव्हा आठवतं. वीज गेल्यावर घरातल्या बॅटरीवर टीव्ही चालवत असाल तर राउटर आणि फायबरचा तो छोटा डबाही त्याच बॅटरीवर घ्या. नाहीतर टीव्ही सुरू आणि टपाल बंद.

उपग्रहाचे धंदेवाईकही याच वाटेने निघालेत. ब्रिटनमधल्या स्काय या कंपनीचा सगळा पसारा छत्र्यांवर उभा राहिला. २०२१ साली तिनेच छत्रीविना चालणारा टीव्ही बाजारात आणला. वर गेलेला उपग्रह साधारण पंधरा वर्षं काम करतो, मग जागा धरून ठेवायचं इंधन संपत येतं. नवा पाठवायचा की नाही हा हिशेब प्रत्येक कंपनी करते आहे.

आम्ही केलं ते बऱ्यापैकी चुकीच्या क्रमाने केलं. आधी छत्री बंद केली, मग शिकलो. महिनाभर दोन्ही चालू ठेवायला हवं होतं. त्याआधी एक आठवडा टीव्हीजवळ कागद ठेवून घरात खरोखर काय काय बघितलं जातं ते लिहायला हवं होतं. ती यादी नेहमी आपल्या समजुतीपेक्षा लहान निघते, आणि तिच्यात एखादी अशी वाहिनी असते जी नेमकी ॲपवर नाही. बॉक्स परत करायचा असेल तर पावती घ्यावी. एक मात्र नकळत बरोबर झालं: वाटी आणि केबल काढली नाही. ती वरच आहे, कबुतरं बसतात.

सगळ्यात अवघड गेलं ते बाबांना, आणि कारण माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बाबांना वाहिन्यांची नावं माहीतच नव्हती. त्यांना आकडे माहीत होते. बातम्या एका आकड्यावर, जुनी गाणी दुसऱ्यावर, कुस्ती तिसऱ्यावर. वीस वर्षांत बोटांनी पाठ केलेले. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत, चार बाण आणि मध्ये एक गोल. ॲप उघडलं की आधी कुणाचा तरी चेहरा, मग जाहिरात, मग 'तुमच्यासाठी निवडलेलं'. "मी काही निवडायला सांगितलं नव्हतं," बाबा म्हणाले. मी त्यांच्या नेहमीच्या सात वाहिन्या 'आवडत्या' यादीत टाकल्या, ॲप उघडताच ती यादी समोर येईल असं केलं, आणि वाहिन्यांचा क्रम आकड्यांच्या जुन्या क्रमाने लावला. आता ते मोजतात: खाली, खाली, खाली, गोल. कुस्ती.

मॅचचं मात्र काही करता आलं नाही. साठा कमी करायची सोय आमच्या ॲपमध्ये नाही, आणि वरच्यांना हळू आवाजात आनंद करा असं सांगता येत नाही. मोठा सामना असला की शेवटच्या पाच षटकांना बाबा चष्मा घेऊन वर जातात.